इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, मग जवळ राहतात कसे?

अकरावीला अणूची रचना शिकवायला घेतली आणि फळ्यावर हेलियम काढला, की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. "सर, दोन्ही इलेक्ट्रॉन ऋण. सजातीय प्रभार एकमेकांना दूर लोटतात. मग हे दोघे एकाच कवचात राहतात कसे?" बहुतेक ठिकाणी त्याचं उत्तर एका वाक्यात उरकलं जातं: केंद्रक त्यांना धरून ठेवतं. उत्तर खोटं नाही, पण त्याने प्रश्न फक्त गप्प बसतो. या प्रतिकर्षणावर खरोखर मात करता येते का, हे विचारणारं पोर भौतिकशास्त्राच्या अगदी गाभ्याला हात घालत असतं. त्याच्या मागे लागलं तर सूर्याचा प्रकाश, एमआरआयचं यंत्र, आपल्या खाड्यांतला गाळ, इतकंच काय पावसाळ्यात हंड्यात फिरवायची तुरटीसुद्धा उलगडते. म्हणून इथे जरा सावकाश जायचं आहे.

आधी हे बळ किती मोठं, ते पाहू. १७८५ साली शार्ल कूलोम या फ्रेंच अभियंत्याने तारेच्या पिळावर चालणारा नाजूक तराजू वापरून प्रभारांमधलं बळ मोजलं. अंतर निम्मं केलं की बळ चौपट होतं, अंतर दहावा भाग केलं की बळ शंभरपट. इलेक्ट्रॉन सापडला तो १८९७ मध्ये, म्हणजे त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी. पण नियम त्यालाही तोच लागू पडला. आता दोन इलेक्ट्रॉन एकमेकांपासून एक अँगस्ट्रॉमवर आहेत असं धरा. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग, साधारण अणूएवढं अंतर. तिथे ते एकमेकांना ज्या बळाने ढकलतात ते एका इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे अडीच हजार अब्ज अब्ज पट भरतं. दोघांमध्ये गुरुत्वाकर्षणाची ओढही असते, पण प्रतिकर्षण तिच्या किती पट? चारावर ४२ शून्यं लिहा, तितके पट. दोन इलेक्ट्रॉनांपुरतं बोलायचं तर गुरुत्वाकर्षण हिशेबातच येत नाही.

आणि हे बळ बंद करायचं बटण कुठेही नाही. इलेक्ट्रॉनवरचा प्रभार खरवडून काढता येत नाही, थोडा कमी करता येत नाही, तापवून किंवा गोठवून बदलता येत नाही. विश्वातल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनवर तो अगदी सारखा आहे. तेव्हा "मात" या शब्दाचा अर्थ जपून घ्यायला हवा. बळ नाहीसं होत नाही. प्रश्न एवढाच की त्याच्या उलट जाणारं मोठं बळ आणता येतं का, ते झाकता येतं का, किंवा त्याच्या वाटेलाच न जाता काम साधता येतं का.

सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे दांडगाई. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांवर जोरात सोडायचे. हे जमतं, आणि वाटतं त्यापेक्षा सहज जमतं. फार दुरून आणलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्यापासून एक अँगस्ट्रॉमवर आणायला १४.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते (एका व्होल्टच्या दाबाने इलेक्ट्रॉनला मिळते ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट), म्हणजे साडेचौदा व्होल्टच्या आत-बाहेरच्या बॅटरीचं काम. कोकण रेल्वेच्या डोक्यावरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा दाब असतो. तेवढ्या दाबाने एखादा इलेक्ट्रॉन पोकळीत पळवला, तर जागचा न हलणाऱ्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनच्या तो अणूच्या आकाराच्या हजाराव्या भागापेक्षाही जवळ जाऊ शकेल. अंतर शून्याकडे गेलं की बळ अमाप वाढतं हे खरं, पण वाटेत अभेद्य भिंत अशी कुठेच लागत नाही. प्रोटॉनच्या आकाराएवढ्या अंतरावर आणायचं तर १४.४ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, आणि आजच्या कणत्वरकांना ही रक्कम किरकोळ आहे. १९६५च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डला आणि सोव्हिएत रशियात नोव्होसिबिर्स्कला इलेक्ट्रॉनांचे दोन झोत समोरासमोर आणून भिडवण्याचे प्रयोग झालेसुद्धा.

पण जवळ जाणं वेगळं आणि जवळ राहणं वेगळं. भिडलेले इलेक्ट्रॉन विखुरतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. केंद्रकातल्या प्रोटॉनांचं तसं होत नाही. तेही सजातीय, तेही एकमेकांना ढकलतात, तरी युरेनियमच्या केंद्रकात ९२ प्रोटॉन कोंडलेले असतात, कारण अगदी जवळच्या अंतरावर काम करणारं एक प्रबळ बळ त्यांना चिकटवून ठेवतं. इलेक्ट्रॉनला ते बळ लागूच होत नाही. दोन इलेक्ट्रॉन कितीही रेटले तरी त्यांना धरून ठेवणारं काही तिथे नाही.

पालघरच्या किनाऱ्यावर तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९पासून वीज देतं. ती ऊर्जा मुळात कसली, हे फार कमी ठिकाणी नीट सांगितलेलं आढळतं. न्यूट्रॉन लागून युरेनियमचं केंद्रक दुभंगतं, दोन तुकडे एकमेकांपासून किंचित सरकतात, आणि ते सरकले की जवळच्या अंतरावरच्या प्रबळ बळाची पकड सुटते. मग उरतं फक्त विद्युत प्रतिकर्षण. तेच दोन्ही तुकड्यांना प्रचंड वेगाने उडवून लावतं, आणि बाहेर पडणाऱ्या ऊर्जेतला चार पंचमांशाहून मोठा वाटा या उडण्यातच असतो. त्या तुकड्यांच्या वेगाने इंधन तापतं, पाण्याची वाफ होते, जनित्र फिरतं. म्हणजे तारापूरहून येणाऱ्या विजेतला बराचसा भाग हा कोंडून ठेवलेल्या प्रतिकर्षणाचाच आहे.

आता परत हेलियमकडे. इथे मोठं बळ आणून मात केली जाते हे खरं, पण त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती आकड्यांत सांगता येते. हेलियमच्या केंद्रकाने प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटा असल्यागत धरला असता, तर दोघांना सोडवायला एकूण १०८.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागले असते. प्रत्यक्षात ७९ लागतात. मधले जवळजवळ ३० इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे दोघांच्या परस्पर ढकलण्यापायी गेले. पहिला इलेक्ट्रॉन २४.६ मध्येच सुटतो; तो गेला की उरलेला ५४.४ दिल्याशिवाय हलत नाही, कारण त्याला बाहेर ढकलणारं आता कुणी नाही. बंधन टिकलं, पण सैल झालं. रसायनशास्त्रातल्या जवळजवळ प्रत्येक गणितात ही वजाबाकी कुठेतरी दडलेली असते.

मला याहून भावतं ते हायड्रोजनचं उदाहरण. केंद्रकात एकच प्रोटॉन, भोवती एक इलेक्ट्रॉन. हिशेब चुकता, अणू उदासीन. अशा अणूला दुसरा इलेक्ट्रॉन धरता येईल का? प्रत्येक इलेक्ट्रॉनला दुसऱ्याचा सरासरी ढगच दिसतो असं धरून गणित केलं, तर उत्तर येतं, नाही. ओढायला एक प्रोटॉन आणि आत आधीच बसलेला एक इलेक्ट्रॉन, जमणार कसं? तरी असा जादा इलेक्ट्रॉन धरलेला हायड्रोजन, म्हणजे त्याचा ऋण आयन (प्रभार असलेला अणू), निसर्गात आहे आणि तो टिकतो. १९२९ साली हान्स बेथे यांनी गणिताने दाखवलं की दोन्ही इलेक्ट्रॉन एकमेकांचा क्षणाक्षणाचा ठावठिकाणा लक्षात घेऊन वावरले, एक या बाजूला असताना दुसरा त्या बाजूला, एक आत असताना दुसरा बाहेर, तर बंधन जुळतं. अगदी क्षीण, फक्त ०.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचं, पण खरं. ढकलणं कायम ठेवून, ते कमीत कमी भोगावं लागेल अशी वागणूक.

इतक्या नाजूक गोष्टीचं एवढं काय, असं वाटेल. सूर्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे अणू भरपूर असतात आणि सोडियम, मॅग्नेशियम, लोह अशा मूलद्रव्यांतून सुटलेले मोकळे इलेक्ट्रॉनही असतात. असा इलेक्ट्रॉन हायड्रोजनला येऊन चिकटला की जादा ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. तोच आयन वाटेतला प्रकाश शोषून पुन्हा मोडतो. १९३९ साली रूपर्ट विल्ट यांनी दाखवून दिलं की सूर्याच्या दृश्य प्रकाशाचा कारभार मुख्यतः या आयनाच्या हाती आहे. गणपतीपुळ्याला किंवा वेंगुर्ल्याला संध्याकाळी जो सूर्य पाहायला गर्दी होते, त्याची झळाळी बव्हंशी एका प्रोटॉनजवळ दोन इलेक्ट्रॉन सामावण्यातून आलेली आहे. तिसरा मात्र सामावत नाही. १९८४ साली एलियट लीब यांनी गणिताने सिद्ध केलं की केंद्रकात जितके प्रोटॉन, त्याच्या दुप्पट अधिक एक इतके इलेक्ट्रॉन त्याला कधीच धरून ठेवता येत नाहीत. हायड्रोजनसाठी ही मर्यादा तीन. ढकलणं शेवटी आपला हक्क वसूल करतंच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चिऱ्याच्या भिंतीवर हात टेकला तर तो आरपार का जात नाही? "हाताचे आणि चिऱ्याचे इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात म्हणून" असं बहुतेक जण सांगतात. हे अर्धंच आहे. चिरा उदासीन, हात उदासीन. दोन्हीकडे ढकलणारे आहेत तसे ओढणारेही आहेत. वस्तूला जी घट्ट जागा लागते तिचं मूळ १९२५ साली वुल्फगांग पाउली यांनी मांडलेल्या नियमात आहे: दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. हा नियम म्हणजे बळ नव्हे, प्रभाराशी त्याचा संबंध नाही. फ्रीमन डायसन आणि अँड्र्यू लेनार्ड यांनी १९६७ मध्ये सिद्ध केलं की हा नियम नसता तर विजेच्या ओढाताणीत पदार्थ आपलं आकारमान राखू शकला नसता, आकसत गेला असता. चिरा चिरा राहतो तो पाउलींच्या नियमामुळे.

तो नियम किती ताण सोसतो, याचं गणित ज्याने केलं तो तरुण जुलै १९३०च्या अखेरीस मुंबई बंदरातून बोटीने इंग्लंडला निघाला होता. वय १९, नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. जळून विझलेल्या ताऱ्याला, श्वेतबटूला, कोसळण्यापासून वाचवतो तो याच नियमातून येणारा इलेक्ट्रॉनांचा दाब, आणि त्या दाबालाही मर्यादा आहे, हे त्यांना त्या प्रवासात दिसलं. पुढे पक्की झालेली मर्यादा सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १.४ पट. त्यापलीकडे गुरुत्वाकर्षण जिंकतं. खूप आकसलेल्या गाभ्यात इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत शिरून न्यूट्रॉन बनतात. मघाशी आपण ज्याला हिशेबात धरलं नाही तेच बळ, पण सूर्याएवढ्या ढिगाचं. तिथे मात झाली हे खरं, फक्त इलेक्ट्रॉनच शिल्लक राहिले नाहीत.

आता बळ झाकण्याचा मार्ग, आणि तो आपल्या घरात आहे. जून लागून चांगल्या सरी आल्या की विहिरीचं पाणी तांबूस होतं. असं पाणी हंड्यात भरून ठेवलं तर सकाळपर्यंत नीट निवळत नाही. चिकणमातीचे कण फार बारीक असतात हे एक कारण, आणि त्यांच्या पृष्ठभागावर बहुधा ऋण प्रभार असतो हे दुसरं. कण जवळ आले की एकमेकांना लोटतात, गुठळी होत नाही, आणि गुठळी झाल्याशिवाय खाली बसण्याइतकं वजन येत नाही. मग घरातलं कुणीतरी तुरटीचा खडा घेऊन पाण्यात चार-पाच वेळा गोल फिरवतं. थोड्या वेळाने हंड्यात डोकावलं तर पाण्यात बारीक तांबड्या गुठळ्या तरंगताना दिसतात. त्या जमत जातात, जड होतात, तळाशी बसतात, आणि वरचं पाणी नितळ निघतं.

तुरटीतून सुटलेल्या ॲल्युमिनियमच्या प्रत्येक आयनावर तिप्पट धन प्रभार असतो. हे आयन मातीच्या ऋण कणांभोवती दाटी करतात आणि दुसऱ्या कणाला दुरून फक्त उदासीन काहीतरी जाणवतं. शिवाय ॲल्युमिनियमचा चिकट साका तयार होतो, तोही कण गोळा करत खाली जातो. मातीवरचा ऋण प्रभार कुठेही गेलेला नाही. त्याची पोहोच आखडली, एवढंच. आणि एकदा कण पुरेसे जवळ आले की त्यांना चिकटवणारी जी हलकी ओढ असते, ती येते कुठून? दोन्ही कणांतले इलेक्ट्रॉन एकमेकांच्या हालचालीशी आपली हालचाल जुळवून घेतात, त्यातून. सूर्यावरच्या त्या आयनात पाहिलेलीच गोष्ट.

हेच काम तुरटीशिवाय, फार मोठ्या प्रमाणावर, आपल्या नद्यांच्या मुखाशी चालतं. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, भाट्याला काजळी, साऱ्या पावसाळाभर तांबडा गाळ घेऊन खाली येतात. गोड्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे कणाच्या प्रभाराची पोहोच दहा नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे दहा अँगस्ट्रॉम) आसपास असते, आणि कण सुटे राहून वाहत येतात. खाडीत त्यांना भरतीचं पाणी भेटतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार. सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियमचे धन आयन मुबलक. तिथे तीच पोहोच अर्ध्या नॅनोमीटरच्याही आत येते. कण एकमेकांना चिकटू लागतात, गुठळ्या होतात आणि पाणी संथ मिळालं की बसतात. खाडीत गाळ साचण्याला भरती-ओहोटी, प्रवाहाचा वेग, नदीचा उतार अशी इतर कारणंही आहेत, पण खाजणात पाय रुतवणारा तो मऊ, चिकट गाळ आणि त्यावर उभी असलेली तिवरांची राई यांच्या मुळाशी झाकल्या गेलेल्या प्रतिकर्षणाचाही वाटा आहे. मला वाटतं, शाळेत कूलोमचा नियम शिकवताना काचेची कांडी आणि रेशमी कापड दाखवण्यापेक्षा मुलांना तुरटी आणि खाडी दाखवावी. आपल्या दमट हवेत कांडीवर प्रभार धड टिकतही नाही.

तांब्याच्या तारेतही झाकण्याचाच मार्ग चालतो. एका घन सेंटिमीटर तांब्यात सुमारे ८५ हजार अब्ज अब्ज मोकळे इलेक्ट्रॉन असतात, एकमेकांना अगदी खेटून. प्रत्येक जण आसपासच्यांना थोडं दूर लोटतो, त्यामुळे त्याच्याभोवती तांब्याच्या धन आयनांचा प्रभार उघडा पडतो आणि त्याला झाकतो. अर्ध्या अँगस्ट्रॉमच्या पलीकडे त्याची दखल जवळपास कुणालाच घ्यावी लागत नाही. एवढ्या गर्दीतले इलेक्ट्रॉन जवळजवळ एकटे असल्यासारखे हिंडतात ते यामुळे.

पण झाकणं म्हणजे फार तर उदासीनता. दोन इलेक्ट्रॉनांमध्ये उलट ओढ निर्माण होऊ शकेल का? होते. त्या शोधाला जवळपास अर्धं शतक लागलं. १९११ साली नेदरलँड्समध्ये लायडनला हाइके कामरलिंग ऑनेस यांना दिसलं की पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा विद्युतरोध एकदम नाहीसा होतो. याला अतिसंवाहकता म्हणतात. का होतं, हे भल्याभल्यांना सुटेना. १९५० मध्ये दोन गोष्टी जुळून आल्या. हर्बर्ट फ्रॉलिश यांनी मांडलं की यात धातूच्या जाळीतल्या आयनांचा हात असावा. आणि प्रयोगात दिसलं की पाऱ्याचा जड समस्थानिक घेतला तर तो किंचित आणखी कमी तापमानाला अतिसंवाहक होतो. आयनांच्या वजनाने फरक पडतो, म्हणजे आयन यात सामील आहेतच.

घडतं असं. धातूतला इलेक्ट्रॉन धन आयनांच्या जाळीतून जाताना आजूबाजूच्या आयनांना स्वतःकडे किंचित ओढतो. पण इलेक्ट्रॉन चपळ आणि आयन सुस्त. ॲल्युमिनियममध्ये इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे दोन हजार किलोमीटर. आयन हलून जागेवर येईपर्यंत तो काहीशे अणू मागे टाकून पुढे गेलेला असतो. मागे राहते आयनांची किंचित दाटी, म्हणजे जादा धन प्रभाराचा एक पट्टा, आणि दुसरा इलेक्ट्रॉन त्याकडे ओढला जातो. भाताच्या लावणीला तयार केलेल्या कुणग्यात चालून पाहा. पाऊल उचलून तुम्ही पुढे जाता, पण चिखलातला खड्डा लगेच भरून येत नाही, आणि आजूबाजूचं पाणी त्याच्याकडे धाव घेतं. तुम्ही तिथे नसता. ओढतो तो मागे राहिलेला खड्डा. इलेक्ट्रॉनांचंही तसंच. दोघे एकाच वेळी एका जागी येतच नाहीत, म्हणून ढकलणं जवळजवळ लागू होत नाही. एकाच्या मागे राहिलेल्या खुणेवर दुसरा उशिरा पोचतो, म्हणून ओढ तेवढी लागू होते. अंतराने जे साधत नव्हतं ते वेळेने साधलं.

१९५६ साली लिऑन कूपर यांनी दाखवलं की ही ओढ कितीही क्षीण असली तरी, भोवती इतर इलेक्ट्रॉनांची गर्दी असेल तर जोडी जमतेच. मोकळ्या पोकळीत दोनच इलेक्ट्रॉन असते तर इतक्या क्षीण ओढीने काही झालं नसतं. पुढच्याच वर्षी जॉन बार्डीन, कूपर आणि रॉबर्ट श्रीफर यांनी पूर्ण सिद्धांत मांडला. १९७२चं नोबेल त्यांना मिळालं. १९६१ मध्ये दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी अतिसंवाहक नळीत अडकलेलं चुंबकीय क्षेत्र मोजलं आणि त्यावरून प्रवाह वाहणाऱ्या एककाचा प्रभार काढला. तो इलेक्ट्रॉनच्या बरोबर दुप्पट निघाला. जोड्या आहेत, यात शंका उरली नाही.

ही जोडी म्हणजे दोन इलेक्ट्रॉन चिकटून बसलेत असं चित्र मात्र मनात आणू नका. ॲल्युमिनियममध्ये जोडीतल्या दोघांमधलं अंतर पाच हजारांहून जास्त अणूंच्या ओळीएवढं असतं, आणि त्या टापूत इतर असंख्य जोड्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. बंधन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. खोलीतल्या उष्णतेचे धक्के याच्या कितीतरी पट मोठे असतात, म्हणून ॲल्युमिनियमला उणे २७२ अंशांच्या आसपास न्यावं लागतं. सगळ्या जोड्या मिळून एकाच अवस्थेत वाहतात. एखादीला अडवायचं तर ती मोडावी लागते, आणि तेवढी ऊर्जा त्या थंडीत कुणाकडेच नसते. त्यामुळे रोध शून्य.

यातून एक गोष्ट निघते जी प्रथम विचित्र वाटते. तांबं, चांदी, सोनं हे उत्तम वाहक धातू अतिसंवाहक होताना आढळलेले नाहीत, आणि वाहक म्हणून बेताचं असलेलं शिसं मात्र ७.२ केल्व्हिनलाच, म्हणजे उणे २६६ अंश सेल्सिअसला, होतं. तांब्यातले इलेक्ट्रॉन जाळीला फारसे लागतच नाहीत, म्हणून तर ते छान वाहतात. पण मग मागे खूणही उमटत नाही. शिशातले इलेक्ट्रॉन जाळीला अडखळतात, तापलेल्या तारेत तो दोष, थंडीत तेच जोडी जमण्याचं कारण.

सिंधुदुर्गातून एमआरआय काढायला कोल्हापूरला किंवा गोव्याला गेलेल्या माणसाला ज्या बोगद्यात सरकवतात, त्याच्याभोवती नायोबियम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची तार गुंडाळलेली असते, बहुतेक यंत्रांत द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली. तिच्यात एकदा सुरू केलेला प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो आणि बहुतेक यंत्रांत १.५ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र देतो. प्रवाह वाहतो तो जोड्यांचा.

१९८६ मध्ये या गोष्टीला नवं वळण लागलं. झुरिकजवळच्या प्रयोगशाळेत योहानेस बेडनोर्ट्स आणि अलेक्स म्युलर यांना तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये त्याआधी कधी न दिसलेल्या तापमानाला अतिसंवाहकता सापडली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका ऑक्साइडने ९३ केल्व्हिन गाठलं, म्हणजे ७७ केल्व्हिनच्या स्वस्त द्रव नायट्रोजनमध्ये जमणारी गोष्ट. हे पदार्थ मुळात विद्युतरोधक, आणि तेही प्रतिकर्षणामुळेच: एका तांब्याच्या अणूवर जादा इलेक्ट्रॉन येऊन बसायला इतकी ऊर्जा लागते की सगळे आपापल्या जागी अडकून पडतात. त्यातले थोडे इलेक्ट्रॉन काढून घेतले की मार्ग मोकळा होतो आणि जोड्या जमतात. १९९०च्या दशकातल्या प्रयोगांनी त्यांचं रूपही दाखवलं: जोडीतले दोघे एकाच ठिकाणी सापडण्याची शक्यता मुळातच शून्य, अशी त्यांची मांडणी. जाळीच्या मदतीपेक्षा इथे प्रतिकर्षण स्वतःच जोडी घडवत असावं, असं अनेक शास्त्रज्ञांना वाटतं. त्यावर अजून एकमत झालेलं नाही, आणि आजच्या भौतिकशास्त्रातल्या सगळ्यात मोठ्या उघड्या प्रश्नांत त्याची गणना होते.

प्रतिकर्षणातून ओढ ही कल्पना मात्र हवेतली राहिलेली नाही. विल्यम लिटल यांनी १९६४ मध्ये सुचवलं होतं की आयनांऐवजी शेजारच्या इलेक्ट्रॉनांकडूनच ती मदत घेता येईल: पहिला इलेक्ट्रॉन शेजारच्या रेणूतल्या इलेक्ट्रॉनला दूर ढकलील, तिथे धन प्रभार उघडा पडेल, आणि दुसरा तिकडे ओढला जाईल. २०१६ साली इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या गटाने कार्बनच्या दोन अतिसूक्ष्म नळ्या एकमेकींजवळ आणून हेच प्रत्यक्ष करून दाखवलं. एका नळीत दोन इलेक्ट्रॉन, दुसऱ्या नळीत त्यांच्या ढकलण्याने जागा बदलणारा आणखी एक इलेक्ट्रॉन. कुठलीही आयनांची जाळी मदतीला नव्हती, सगळीकडे फक्त ढकलणंच होतं, आणि तरी त्या दोघांमधलं एकूण बळ ओढीचं भरलं. यावरून लांब तार काढून तिच्यातून रोधाविना वीज नेणं अजून दूर आहे. पण ज्या अकरावीच्या पोराने "हे दोघे एकाच कवचात राहतात कसे" असं विचारलं, त्याला आता एवढं नक्की सांगता येतं, की तिसऱ्याला ढकलूनही दोघे जवळ येऊ शकतात, आणि ते मोजून झालं आहे.